जुन्या बाजारातला नेमप्लेट नसलेला कपॅसिटर टेस्ला कॉइलला चालेल का? एका डब्याची पूर्ण तपासणी

आधी वस्तू काय होती ते सांगतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी माझ्या भाच्याला एक पत्र्याचा चौकोनी डबा मिळाला, वीतभर उंच, दीडेक किलो वजन, वर पांढऱ्या पोर्सेलिनची दोन बुशिंग (टर्मिनल पत्र्यापासून अलग ठेवणारे खांब), पितळी नट, आणि एका बाजूला नेमप्लेट झाळलेली होती तिथे कथलाचे चार ठिपके फक्त उरलेले. प्लेट गायब. विकणाऱ्याला एवढंच माहीत की कुठल्यातरी कारखान्याच्या भंगारात आला होता. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, स्पार्क गॅपवाली टेस्ला कॉइल, म्हणजे लांब ठिणग्या पाडणारं हाय व्होल्टेजचं यंत्र बनवतोय, सेकंडरी (बारीक तारेची उंच कॉइल) गुंडाळून झालेली, ट्रान्सफॉर्मर मिळालेला, टँक कपॅसिटर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने चार्ज होऊन गॅपमधून खालच्या प्रायमरी कॉइलमध्ये रिकामा होणारा, तेवढा राहिलेला. त्याने मल्टिमीटर लावून बघितला तर आकडा आला १८ नॅनोफॅरड, आणि लगेच फोन. "मामा, १८ नॅनो आहे, बुशिंग एवढी मोठी आहेत म्हणजे व्होल्टेजला पण चालेल, लावू का?"

म्हटलं लावू नकोस, घेऊन ये, पण दोन्ही नटांना तार गुंडाळून शॉर्ट करून आण.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण या डब्याने सोप्या चाचण्या सगळ्या पास केल्या. व्हॅल्यू बरोबर, मेगर (इन्सुलेशनची चाचणी) बरोबर, बाहेरून ठीकठाक. नापास झाला तो नेमका त्या चाचणीत जी सहसा कोणी करतच नाही. आणि भंगारातला कपॅसिटर घेताना मुलं ज्या प्रश्नावर थांबतात, म्हणजे किती मायक्रोफॅरड आणि किती व्होल्ट, तो टँक कपॅसिटरच्या बाबतीत अर्धाच प्रश्न आहे.

१८ नॅनो ऐकून तो खूश का झाला ते आधी बघू, कारण त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. त्याचा ट्रान्सफॉर्मर जुना लोखंडी कोअरचा निऑन साइनवाला, ९ किलोव्होल्ट ३० मिलीअँपिअर. (आता निऑन बोर्ड उतरवून सगळीकडे एलईडी लागलेत त्यामुळे हे ट्रान्सफॉर्मर मिळणं अवघड झालंय, आणि नवीन इलेक्ट्रॉनिक निऑन सप्लाय या कामाला चालत नाहीत, ते आधीच हाय फ्रिक्वेन्सीवर चालतात आणि त्यात ग्राउंड फॉल्टचं प्रोटेक्शन असतं, तर कोणाला लोखंडी कोअरचा चालू पीस मिळाला तर सोडू नका.) ९००० ला ०.०३ ने भागलं की ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) ३ लाख ओहम येतो, आणि ५० हर्ट्झला तेवढाच रिअॅक्टन्स असणारा कपॅसिटर म्हणजे साधारण १०.६ नॅनोफॅरड. पण बरोब्बर तेवढा लावायचा नसतो, रेझोनन्समुळे व्होल्टेज चढत जातं आणि गॅप वेळेवर फायर झाली नाही तर ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं, म्हणून साध्या स्थिर गॅपला त्याच्या दीडपट किंवा थोडा जास्त घेतात, म्हणजे १६-१७ नॅनो. १८ म्हणजे जवळजवळ ऑर्डर देऊन बनवल्यासारखा. मोह होणारच.

आता तपासणी. पहिली गोष्ट सुरक्षेची, आणि ती मी घाईत उरकणार नाही. हाय व्होल्टेज कपॅसिटर शॉर्ट करून सोडला तरी काही मिनिटांनी त्याच्यावर परत व्होल्टेज येतं, डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या फॉइलच्या मधल्या इन्सुलेशनमध्ये) मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो म्हणून. त्यामुळे ठेवताना, नेताना, कपाटात असताना सुद्धा टर्मिनलवर तार कायम. डिस्चार्ज करताना डायरेक्ट स्क्रू ड्रायव्हर न घालता आधी मोठ्या रेझिस्टरमधून, मग शॉर्ट. १८ नॅनोफॅरड १२ किलोव्होल्टला चार्ज असेल तर १.३ ज्यूल होतात, झटका जबरदस्त बसेल, पण कॉइल चालू असताना खरा जीवघेणा भाग म्हणजे मागून ट्रान्सफॉर्मर ३० मिलीअँपिअर ५० हर्ट्झने देतच राहतो, आणि तेवढा करंट छातीतून गेला तर हृदय थांबू शकतं. टेस्ला कॉइलच्या ठिणग्यांना हात लावणाऱ्यांचे व्हिडिओ बघून पोरांना वाटतं सगळंच निरुपद्रवी आहे. प्रायमरीच्या बाजूला ते अजिबात लागू नाही.

दुसरी गोष्ट आतल्या तेलाची. डबा हलवला की आत किंचित डुचमळल्यासारखं जाणवत होतं, म्हणजे तेल. सांधे वेल्डिंगचे नाहीत, कथलाने झाळलेले, म्हणजे माल बराच जुना. जुन्या तेलाच्या कपॅसिटरमध्ये पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल (क्लोरीनवालं विषारी तेल) असण्याची शक्यता धरूनच चालायचं, अमेरिकेत त्याचं उत्पादन १९७९ ला थांबलं पण जगभर त्या काळचा माल फिरतोय, आणि आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात बंद झालीच, शिवाय ३१ डिसेंबर २०२५ ही वापर पूर्ण थांबवायची मुदत होती. प्लेट नाही म्हणजे आत कुठलं तेल आहे हे सांगता येत नाही. तांब्याची तार तापवून ज्योतीचा रंग बघायची एक चाचणी लोक सांगतात, ती घरात करू नका, क्लोरीनवालं तेल जाळलं की निघणारा धूर त्या तेलापेक्षा वाईट. आम्ही हातमोजे घातले, सांध्यांवरून पांढरा टिश्यू फिरवला, डाग आला नाही म्हणजे गळत नव्हता, आणि ठरवलं की काही झालं तरी हा डबा कापायचा नाही. आत काय आहे ते बाहेरूनच ओळखायचं.

ओळखायचं म्हणजे आधी काय नाही ते काढून टाकायचं, आणि ते व्हॅल्यूवरून पटकन होतं. पंख्याचा, पंपाचा मोटर कपॅसिटर असता तर काही मायक्रोफॅरड असता. मायक्रोवेव्हचा साधारण १ मायक्रोफॅरडच्या आसपास असतो आणि त्यात आतच १० मेगओहमचा रेझिस्टर असतो, ओहममीटरवर लगेच दिसतो. पॉवर फॅक्टरवाला अजून मोठा, इंडक्शन फर्नेसचा तर पाण्याने थंड करायच्या नळ्यांसकट येतो. एचटी (हाय टेन्शन) मोटरच्या टर्मिनलला लावतात तो सर्ज कपॅसिटर साधारण ०.१ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. १८ नॅनो, ठोकळ धरला तर ०.०२ मायक्रोफॅरडचा माल, एवढी उंच बुशिंग, तेल, आत रेझिस्टर नाही (ओहममीटर इन्फिनिटी दाखवत होता), नट मात्र बारीक, जेमतेम ४ एमएमचे. हा बारीक नट मला महत्त्वाचा वाटला. पल्ससाठी बनवलेल्या कपॅसिटरला बनवणारा जाड स्टड किंवा रुंद पट्टी देतो कारण शेकडो अँपिअर तिथून जाणार असतात. उंच बुशिंग आणि बारीक टर्मिनल एकत्र म्हणजे जास्त व्होल्टेज, कमी करंट, म्हणजे बहुतेक करून कुठल्यातरी हाय व्होल्टेज डीसी सप्लायचा फिल्टर कपॅसिटर (व्होल्टेजमधले चढउतार, म्हणजे रिपल, सपाट करणारा). हा अंदाजच होता, पुढच्या मोजणीने तो पक्का झाला.

आता खरी चाचणी. एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि लॉस मोजणारा) लागतो, आणि असा की जो १०० किलोहर्ट्झपर्यंत मोजतो. साध्या मल्टिमीटरचा कपॅसिटन्स रेंज अगदी कमी फ्रिक्वेन्सीवर मोजतो, त्याला लॉस कळतच नाही. आमच्याकडे हातात धरायचा मीटर होता, ओपन-शॉर्ट करेक्शन केलं, आखूड लीड लावल्या. १०० हर्ट्झला १८.४ नॅनो आणि डी ०.००६. १ किलोहर्ट्झला १८.२ आणि ०.००७. १० ला १८.० आणि ०.०११. १०० किलोहर्ट्झला १७.६ नॅनो आणि डी ०.०१९.

भाचा म्हणाला व्हॅल्यू तर जवळजवळ तीच आहे की. व्हॅल्यू तीच आहे रे, पण डी बघ. डी म्हणजे डिसिपेशन फॅक्टर, कपॅसिटर जेवढी एनर्जी साठवतो आणि परत देतो त्यातला किती भाग दर रेडियनला आतल्या आत उष्णता होऊन जातो त्याचं प्रमाण. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या फिल्मचा डी ०.०००२ ते ०.०००५ च्या घरात असतो आणि फ्रिक्वेन्सी वाढली तरी फारसा हलत नाही. चांगला मायका पण साधारण तेवढ्यातच. पॉलिएस्टरचा १ किलोहर्ट्झला ०.००५ च्या आसपास आणि वर जाताना वाढतो. तेलात भिजलेल्या कागदाचा कमी फ्रिक्वेन्सीला हजारात काही, आणि लाख-दोन लाख हर्ट्झला गेलं की सेल्युलोजमुळे तो ०.०२ च्या आसपास चढतो. आपल्या डब्याची चढती रांग बघितली की कागदच दिसतो. हातातल्या मीटरचे शेवटचे आकडे मी देवाचे मानत नाही, डी च्या तिसऱ्या दशांशात त्याची चूक असू शकते, पण इथे फरक चाळीस पटीचा आहे, तिथे मीटरच्या चुकीला जागाच नाही. आणि एवढं बोलून होतंय तोवर १ किलोहर्ट्झचा एकच आकडा बघून निर्णय घेणाऱ्यांसाठी सांगतो, ०.००७ पण वाईटच आहे, पण तिथे माणूस "ठीक आहे, जुना आहे" म्हणून सोडून देतो. १०० किलोहर्ट्झला सोडून देता येत नाही.

खात्रीसाठी अजून दोन गोष्टी केल्या. एक, हेअर ड्रायरने डबा हळूहळू कोमट केला, पंचवीस एक डिग्रीने. पॉलिप्रॉपिलीनची कपॅसिटी तापमान वाढलं की घटते, दर डिग्रीला दशलक्षात २००-३००, म्हणजे २५ डिग्रीला अर्धा टक्का किंवा थोडी जास्त, एलसीआरच्या शेवटच्या आकड्यांत ती घसरण स्पष्ट दिसायला पाहिजे. इथे घसरली नाही. दुसरी, मेगर केल्यावर बघितलेली सोक टेस्ट (मुरलेला चार्ज किती परत येतो ते), ती पुढे सांगतो.

मेगर. भोसरीला पॅनेलचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून ५ किलोव्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर एका संध्याकाळपुरता आणला. पुण्यात जुलैच्या हवेत पोर्सेलिनवर ओल आणि धूळ असतेच, पहिल्यांदा लावल्यावर ९ गिगाओहम दाखवला आणि भाच्याचा चेहरा पडला. मग बुशिंग आयसोप्रोपिलने पुसली, एका बुशिंगच्या मधोमध उघड्या तारेचा वेढा घालून तो गार्ड टर्मिनलला जोडला, म्हणजे पृष्ठभागावरून जाणारा करंट मोजणीत धरला जात नाही, आणि ५००, १०००, २५०० करत ५००० ला एक मिनिट ठेवल्यावर ७० गिगाओहम आला. गार्ड न वापरता मोजलेले आकडे लोक सांगतात तेव्हा मला नेहमी शंका येते की ते कपॅसिटर मोजतायत की धूळ. ७० गिगाला १८ नॅनोने गुणलं की १२६० सेकंद. पॉलिप्रॉपिलीनला साधारण ३०,००० सेकंदांच्या वर अपेक्षित असतं, म्हणजे या व्हॅल्यूला १६०० गिगाओहमच्या वर, तेव्हा हा पॉलिप्रॉपिलीन नाही हे इथेही कळलं. पण जुन्या तेल-कागदाच्या कपॅसिटरसाठी हा आकडा बरा आहे. म्हणजे ओल आत शिरलेली नाही, कपॅसिटर जिवंत आहे. "जिवंत आहे" आणि "या कामाचा आहे" ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत, आणि मेगर फक्त पहिलं देतो.

मग सोक टेस्ट. ५ किलोव्होल्टवर काही मिनिटं ठेवला, टेस्टरमधून डिस्चार्ज, मग तारेने शॉर्ट, व्होल्टेज गेल्याची खात्री, मग तार काढून दहा मिनिटं उघडा ठेवला आणि १० मेगओहमचा प्रोब लावून स्कोपवर बघितलं. १४० व्होल्टच्या आसपासून सुरू होऊन झरकन उतरणारी रेघ. ५००० चे जवळजवळ ३ टक्के परत आले. पॉलिप्रॉपिलीनमध्ये एवढ्यात एक-दोन व्होल्टच आले असते. कागदच, आता वाद नाही. (ही टेस्ट करताना शॉर्ट खरंच लागलाय का ते दोनदा बघा, नाहीतर स्कोपचं इनपुट गेलंच म्हणून समजा.)

सेल्फ इंडक्टन्सबद्दल लोक फार काळजी करतात, तर तेही मोजलं. सिग्नल जनरेटर रेझिस्टरमधून लावून स्कोपवर जिथे व्होल्टेज सगळ्यात कमी होतं ती फ्रिक्वेन्सी १.९ मेगाहर्ट्झ आली, म्हणजे लीड धरून ०.४ मायक्रोहेन्रीच्या आत. कॉइलची प्रायमरी ३५ मायक्रोहेन्रीची असणार, त्यात एक टक्का म्हणजे काहीच नाही, टॅप (प्रायमरीवरची जोड घ्यायची जागा) सूतभर सरकवला की झालं. यावर डबा नापास होत नाही.

आता हिशोब, कारण "कागद आहे म्हणून नको" एवढ्यावर तिसऱ्या वर्षाचा पोरगा ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. सेकंडरीचा रेझोनन्स टॉपलोडसकट (वरच्या धातूच्या टोपीसकट) २०० किलोहर्ट्झच्या आसपास. १८ नॅनोला त्यासाठी ३५ मायक्रोहेन्री लागतात. टँकचा इम्पिडन्स म्हणजे एल भागिले सी चं वर्गमूळ, ४४ ओहम. गॅप १२ किलोव्होल्टला फायर झाली की पहिल्या झटक्याला २७० अँपिअर. तो ४ एमएमचा नट आणि आतल्या फॉइलला टोचलेल्या बारीक पट्ट्या डोळ्यासमोर आणा. व्होल्टेज बदलायचा वेग दर मायक्रोसेकंदाला १५,००० व्होल्ट. दर ठिणगीला १.३ ज्यूल, सेकंदाला शंभर ठिणग्या धरल्या तर १३० वॅट टँकमधून जातात. आता लॉस: एनर्जी प्रायमरीतून सेकंडरीत जायला कपलिंगप्रमाणे तीनेक सायकल लागतात, त्या काळात प्रायमरीत सरासरी निम्मी एनर्जी असते असं धरलं तर २ पाय गुणिले ३ गुणिले ०.०२ गुणिले अर्धा, म्हणजे ०.१९. जवळजवळ पाचवा हिस्सा, २५ वॅट, डब्याच्या आत जिरणार. तोच हिशोब पॉलिप्रॉपिलीनचा डी ०.०००५ धरून केला तर एक वॅटसुद्धा होत नाही. ठोकळ हिशोब आहे, गॅप किती वेळ चालू राहते त्यावर आकडा वर जाईल, खाली फारसा येणार नाही.

इथे भाच्याने चांगला मुद्दा काढला. म्हणाला मामा, दीड किलोचा डबा आहे, मी दहा सेकंद चालवणार, २५० ज्यूलने अर्धी डिग्रीसुद्धा वाढणार नाही, मग काय बिघडलं? बरोबर आहे. उष्णतेने हा डबा दहा सेकंदांत मरणार नाही, दहा मिनिटं चालवला तरी बाहेरून कोमटच लागेल, आणि म्हणूनच ते फसवं आहे, कारण उष्णता पत्र्यात नाही, फॉइलच्या मधल्या कागदात तयार होते आणि पत्र्यापर्यंत यायला वेळ लागतो. पाचवा हिस्सा पॉवर गेली म्हणजे ठिणगी आखूड, पण तेही एकवेळ सोडून देऊ. दोन गोष्टी मात्र सोडता येत नाहीत.

एक म्हणजे रिव्हर्सल. डीसी फिल्टरचा कपॅसिटर आयुष्यभर एकाच दिशेचं व्होल्टेज बघतो, वर थोडी रिपल. टँकमध्ये तेच व्होल्टेज दर अडीच मायक्रोसेकंदाला उलटं होतं, आणि जवळजवळ तेवढंच मोठं. तार एका बाजूला वाकवून ठेवली तर वर्षानुवर्षं राहते, पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते, तसं कागद-तेलाचं होतं. मुरलेला चार्ज आणि उलटं झालेलं फील्ड यांची बेरीज फॉइलच्या कडांना येते, तिथे बारीक डिस्चार्ज सुरू होतात, तेलात गॅसचे बुडबुडे, कागद काळा पडत जातो. डीसीला १५ किलोव्होल्ट लिहिलेला कपॅसिटर अशा कामात किती घेईल याचा आकडा बनवणारा देतच नाही, कारण त्याने तो त्यासाठी बनवलेलाच नसतो. आणि इथे तर लिहिलेलंही काही नाही.

दुसरी गोष्ट तीच, व्होल्टेज रेटिंग. "मामा, मग १२ किलोव्होल्ट डीसी लावून बघू ना, टिकला तर टिकला." अरे, टिकला तर एवढंच कळेल की आज टिकला. कपॅसिटी मोजता येते, लॉस मोजता येतो, लीकेज मोजता येतं, इंडक्टन्स मोजता येतो, पण रेटिंग मोजता येत नाही. रेटिंग म्हणजे बनवणाऱ्याने किती तासांच्या आयुष्यासाठी किती मार्जिन ठेवलं त्याचा शब्द, आणि तो शब्द त्या हरवलेल्या प्लेटवर होता. बुशिंगच्या उंचीवरून वरची मर्यादा कळते की याच्यापेक्षा जास्त तर नक्कीच नाही. आतल्या कागदाचे थर किती, ते डबा फाडल्याशिवाय कळत नाही. ब्रेकडाउनपर्यंत नेऊन बघायचं तर असेच पाच-दहा पीस हवेत, आणि आपल्याकडे एक आहे.

गेला तर काय होईल हेही बघितलं. बॉम्बसारखा फुटेल असं मी म्हणणार नाही, ट्रान्सफॉर्मर छोटा आहे, पूर्ण शॉर्ट झाला तर ३० मिलीअँपिअरवर अडकून बसेल. पण अर्धवट ब्रेकडाउन झाला तर दर वेळी १.३ ज्यूल, सेकंदाला शंभर वेळा, सरळ तेलात. गॅस होणार, डबा फुगणार, पन्नास वर्षांपूर्वीचे झाळलेले सांधे उघडणार आणि तेल कर्वेनगरच्या फ्लॅटच्या टेबलावर येणार. त्यात क्लोरीनवालं असेल तर आर्कने त्याचं काय होतं हे माहीत असलेला कोणीही माणूस घरात हा धोका घेणार नाही. माझ्यासाठी निर्णय इथे झाला. डी नसता मोजला तरी मी शेवटी इथेच आलो असतो, पण डी ने कारण हातात दिलं.

एक आक्षेप हमखास येतो की खुद्द टेस्लाने १८९९ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये मिठाच्या पाण्याच्या बाटल्या वापरल्या होत्या, काच काही पॉलिप्रॉपिलीन नाही. खरं आहे, काचेचा लॉस बऱ्यापैकी असतो. पण त्याच्याकडे पॉवरची कमी नव्हती, बाटली डोळ्यांना दिसते, भोक पडलं तर एक बाटली बदलायची आणि आत मिठाचं पाणी. अडला तर भाच्याने बाटल्या वापराव्यात, मी आनंदाने मदत करेन, वीसेक बाटल्या लागतील आणि कॉइल चालेल. बाटलीत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

मग केलं काय. पहिला विचार इंडक्शन चुलीतल्या कपॅसिटरचा, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास रिपेअरिंगचे पार्ट विकणाऱ्यांकडे ०.२७ किंवा ०.३३ मायक्रोफॅरड १२०० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीनचे सहज मिळतात, मेलेल्या चुलीतूनही निघतात, छापील आकडे असतात. १८ सिरीजमध्ये लावले तर ०.३३ चे १८ नॅनोच होतात. मला ते आवडतात, पण त्यावर पल्स करंट छापलेला नसतो, आणि एकाच रांगेतून २७० अँपिअर काढायचे तर त्याचा आकडा हातात पाहिजे. डेटाशीट मिळणारा ब्रँड असेल तर दोन रांगा करून नक्की करा. आम्ही शेवटी कॉर्नेल ड्युबिलियरचे ९४२सी मालिकेतले ०.१५ मायक्रोफॅरड २००० व्होल्टवाले मागवले, दहा सिरीजमध्ये, म्हणजे १५ नॅनो आणि २० किलोव्होल्ट. डेटाशीटवर पल्सला ४३२ अँपिअर लिहिलेत, आपला पहिला झटका १५ नॅनोला सव्वादोनशेच्या आसपास. प्रत्येकावर १० मेगओहमचा ब्लीडर (उरलेला चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर), आणि तो रेझिस्टर २००० व्होल्ट सहन करणारा पाहिजे, साधे पाव वॉटवाले एवढ्या व्होल्टेजचे नसतात, त्यामुळे त्यांच्या रेटिंगची बेरीज २००० च्या वर जाईल एवढे सिरीजमध्ये. ९ किलोव्होल्टची शिखर किंमत १२.७ किलोव्होल्ट, तेव्हा २० म्हणजे पुरेसं मार्जिन, आणि ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर सेफ्टी गॅप वेगळी.

खर्च त्या डब्याच्या कित्येक पट झाला हे खरंय. भाच्याला तो आठवडाभर टोचत होता.

नवीन बँक त्याच एलसीआर मीटरला लावली तेव्हा १०० किलोहर्ट्झला १४.९ नॅनो आणि डी ०.०००६, त्यातला थोडा भाग वायरिंगचा असेल. टॅप एक वेढा बाहेर सरकवावा लागला कारण १८ च्या जागी १५ आले. डबा दोन्ही नटांना तार बांधून, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उभा, वर "तेल, उघडू नये" असं लिहून ठेवलाय, भंगारवाल्याला द्यायचा नाही कारण तो पत्र्यासाठी पहिल्याच दिवशी फोडणार, अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे तेल असल्याचं सांगूनच द्यायचा. आणि भाच्याला जुन्या बाजारात परत जायचंय, माझी ना नाही, फक्त यावेळी एलसीआर मीटर खिशात घालून, आणि ज्याच्यावर प्लेट आहे तोच उचलायचा.